दहा पिनांचा विजेता : त्याच्या आधीची माणसे

‘बोलिंग’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे क्रिकेटच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या खेळाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याचा क्रिकेटशी काडीचाही संबंध नाही. तो अमेरिकेतील कारखान्यांच्या शहरांत वाढलेला, बंद घरात खेळावयाचा खेळ आहे. ज्याने लहानपणी लगोरी खेळली आहे, त्याला त्याचे मर्म कळावयास वेळ लागणार नाही. लगोरीत ठिकऱ्यांची चळत असते. येथे दहा लाकडी पिना त्रिकोणात मांडलेल्या असतात. पुढे एक, तिच्यामागे दोन, मग तीन आणि शेवटी चार. प्रत्येक पिन 15 इंच उंच, आकाराने लांब मानेच्या बाटलीसारखी. खेळाडू उभा राहतो त्या रेघेपासून पहिली पिन 60 फुटांवर असते. मधली लाकडी पट्टी गुळगुळीत, तेल लावलेली, आणि रुंदीला साडेतीन फुटांहूनही किंचित कमी. तिच्या दोन्ही अंगांना पन्हळी असतात. त्यांत चेंडू पडला की तो फुकट गेला. चेंडू जास्तीत जास्त 16 पौंड वजनाचा. त्याला बोटे घालण्यासाठी भोके पाडलेली असतात.

एका खेळात दहा डाव, आणि प्रत्येक डावात दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर तो ‘स्ट्राइक’. त्याचे दहा गुण, आणि शिवाय पुढील दोन चेंडूंचे गुणही त्यात मिळवितात. दुसऱ्या चेंडूत उरलेल्या पिना पाडल्या तर तो ‘स्पेअर’, आणि त्याला पुढील एका चेंडूचे गुण मिळतात. शेवटच्या डावातील जादा चेंडू धरून ओळीने बारा स्ट्राइक झाले की 300 गुण होतात. याहून अधिक गुण या खेळात नाहीत.

वरवर पाहता हे जोराचे काम वाटते, परंतु ते तसे नाही. पहिल्या पिनेच्या अगदी नाकावर चेंडू आदळला, तर पुष्कळदा मागच्या दोन कोपऱ्यांतील पिना तशाच उभ्या राहतात. उजव्या हाताच्या खेळाडूला चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत, तोही तिरका शिरवावा लागतो. त्यासाठी सोडताना मनगटाने त्याला फिरकी द्यावी लागते. पट्टीवर तेल असते तोवर चेंडू घसरत पुढे जातो, तेल संपले की वळतो. खेळ पुढे चालतो तसतसे तेल पुसले जाते, आणि सकाळी जी जागा बरोबर होती ती दुपारी चुकते. म्हणून या खेळात धिप्पाड शरीरापेक्षा डोळा, मनगट आणि शांत डोके यांनाच किंमत आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आमच्या पुढच्या प्रश्नाचा सारा आधार तीवर आहे.

तो प्रश्न असा. 22 नोव्हेंबर 1986 रोजी शिकागोजवळच्या ग्लेनव्ह्यू गावी ‘ब्रन्सविक मेमोरियल वर्ल्ड ओपन’ ही स्पर्धा जॉर्ज ब्रॅनहॅम नावाच्या एका तरुणाने जिंकली. आदल्याच दिवशी त्याला 24 वर्षे पुरी झाली होती. समोर मार्क रॉथ होता, म्हणजे त्या काळच्या बोलिंगमधले सर्वांत दबदब्याचे एक नाव. बोलिंगच्या धंदेवाईक खेळाडूंची संघटना 1958 साली निघाली. तेव्हापासून 28 वर्षांत तिच्या राष्ट्रीय दौऱ्यावरील स्पर्धा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णी खेळाडू ठरला. जेसी ओवेन्सने 1936 साली बर्लिनला चार सुवर्णपदके मिळविली. जो लुई 1937 साली मुष्टियुद्धाचा जगज्जेता झाला. जॅकी रॉबिन्सन 1947 साली बेसबॉलच्या वरिष्ठ संघात उतरला. मग ज्या खेळाला ना मैदान लागते, ना उंची, ना फार मोठे साहित्य. जो प्रत्येक गिरणगावात, प्रत्येक नाक्यावर खेळला जात होता. त्याच खेळात हा दिवस उजाडावयास 1986 साल का लागावे? प्रतिभा उशिरा जन्माला आली असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. प्रतिभा पहिल्यापासून होती, परंतु तिच्या वाटेवर एक नियम आडवा पडला होता, आणि तो उचलून टाकण्यात पुष्कळ माणसांची पुष्कळ वर्षे गेली. त्या माणसांची हकीकत सांगितल्यावाचून ब्रॅनहॅमची हकीकत पुरी होत नाही.

नऊ पिनांचा खेळ जर्मन वसाहतवाल्यांनी अमेरिकेत नेला. पुढे पिना दहा झाल्या. खेळ दारूच्या गुत्त्यांच्या तळघरांत वाढला, आणि गावोगाव त्याचे नियम वेगळे. हा गोंधळ मोडण्यासाठी 9 सप्टेंबर 1895 रोजी न्यूयॉर्क शहरात ‘अमेरिकन बोलिंग काँग्रेस’ ही संस्था स्थापन झाली. पट्टीची लांबी, पिनांचे माप, चेंडूचे वजन, गुण मोजण्याची रीत, सारे तिने एकसारखे केले आणि खेळाला शिस्त आणली. हे तिचे काम मोठे होते, आणि त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

परंतु याच काँग्रेसने 1916 साली आपल्या घटनेत सभासदत्व श्वेतवर्णी पुरुषांपुरते मर्यादित केले. त्याच साली सेंट लुई येथे स्त्रियांची निराळी बोलिंग काँग्रेस निघाली. तिचे दारही पुढे श्वेतवर्णी स्त्रियांपुरतेच उघडे राहिले.

या नियमाने नेमके काय केले ते समजून घेतले पाहिजे. कृष्णवर्णी माणसाने चेंडू हातात धरू नये असे त्यात लिहिलेले नव्हते. त्याचे काम अधिक सफाईचे होते. अमेरिकेत हा खेळ ‘लीग’ पद्धतीने चालतो. कारखान्याच्या एकेका खात्याचा संघ, अशा आठ-दहा संघांची एक लीग, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ ठरलेली. लीगला काँग्रेसची मान्यता असली तरच तिच्यातील गुणांची नोंद होई, सरासरी धरली जाई, 300 गुण करणाऱ्याला मानचिन्ह मिळे आणि वार्षिक राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येई. म्हणून मान्य लीगमध्ये कृष्णवर्णी सभासद घेता येत नसे. एखाद्या कृष्णवर्णी कामगाराने ओळीने बारा स्ट्राइक केले तरी कागदोपत्री ते घडलेच नाहीत. गिरणीतल्या माणसाला ही गोष्ट दोन शब्दांत सांगता येईल. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याने दिवसभर राबूनही त्याचा दिवस भरत नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. यंत्रे येण्यापूर्वी पडलेल्या पिना उचलून पुन्हा मांडावयास पोरे ठेवलेली असत. पट्टीच्या टोकाशी एका खड्ड्यावर ही पोरे पाय वर घेऊन बसत. चेंडू आला, पिना उडाल्या, की खाली उडी मारावयाची, पिना मांडावयाच्या, तो जड चेंडू उचलून परतीच्या घसरगुंडीवर टाकावयाचा, आणि पुढचा चेंडू येण्याच्या आत पुन्हा वर चढावयाचे. उडालेली पिन नडगीवर बसणे हे नित्याचे. मजुरी खेळामागे काही सेंट. हे काम गरिबांच्या पोरांचे, आणि पुष्कळ ठिकाणी कृष्णवर्णी पोरांचे होते. ज्या पट्टीवर त्यांना चेंडू टाकण्याची मोकळीक नव्हती, तिच्याच दुसऱ्या टोकाला त्यांचे हात चालत होते. स्वयंपाक करणाऱ्याला पंगतीत जागा नाही, त्यातलाच हा प्रकार. पिना मांडणारे यंत्र 1946 साली बफेलो शहरात लोकांसमोर आले, आणि 1950 नंतरच्या दहा वर्षांत ते सर्वत्र पसरून ही पोरे खड्ड्यातून बाहेर पडली.

दार बंद असलेली माणसे हात जोडून बसली नव्हती. 20 ऑगस्ट 1939 रोजी डेट्रॉइट शहरात ‘नॅशनल निग्रो बोलिंग असोसिएशन’ स्थापन झाली. विन्स्टन ब्राऊन हे तिचे पहिले अध्यक्ष. क्लीव्हलंडचे एल्मर रीड हे तिचे एक आधारस्तंभ. रीड यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1940 च्या सुमारास क्लीव्हलंडमध्ये स्वतःचे बोलिंगगृह उभारले, कारण गोऱ्यांच्या बोलिंगगृहांत जागा मिळत नसे, आणि मिळाली तर अवेळी मिळे. या संस्थेने आपल्या लीगा काढल्या, स्पर्धा भरविल्या, आपले हिशेब आपण ठेवले. पुढे 1944 साली तिने आपल्या नावातील ‘निग्रो’ हा शब्द काढून टाकला आणि सभासदत्व सर्वांस मोकळे ठेवले. ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांनी आपले दार उघडे ठेवले, हे आम्हांस फार मोठे वाटते. बंदी केवळ कृष्णवर्णीयांवर नव्हती हेही सांगितले पाहिजे. जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांनाही काँग्रेस आत घेत नसे, आणि युद्धानंतर त्यांच्या नागरिक संघानेही आपल्या निराळ्या स्पर्धा भरवून या नियमाविरुद्ध आवाज उठविला.

आता कामगार संघटनेकडे वळू. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर, आणि मोटार कामगारांची ‘युनायटेड ऑटोमोबाइल वर्कर्स’ ही संघटना 1935 साली निघाली. 1936-37 च्या हिवाळ्यात फ्लिंट येथे कामगारांनी कारखान्यात ठाण मांडून केलेल्या संपाने ती उभी राहिली, आणि 1941 साली फोर्डनेही तिला मान्यता दिली. संघटनेत गोरे होते तसे कृष्णवर्णीयही होते. वर्गणी सारखी, परंतु मने सारखी होती असे नाही. हे लपविण्यात अर्थ नाही. जून 1943 मध्ये, ऐन युद्धात, पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णी कामगारांना वरच्या कामावर बढती दिली म्हणून सुमारे 25,000 गोरे कामगार काम सोडून बाहेर पडले. संप हे कामगाराचे शस्त्र; ते शस्त्र येथे कामगारावरच उगारले गेले. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष आर. जे. टॉमस या संपाच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. त्यांनी माणसांना कामावर परत जावयास सांगितले. त्याच महिन्यात, 20 जूनला, डेट्रॉइटमध्ये दंगल उसळली. तीत 34 माणसे मेली, त्यांतील 25 कृष्णवर्णी.

या दंगलीची एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. ती कारखान्याच्या फाटकावर पेटली नाही. ती पेटली बेल आइल नावाच्या उद्यानात, रविवारच्या सुट्टीत, जेथे लोक थंड वारा खावयास गेले होते. आठवडाभर एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी काम करणारी माणसे सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या जिवावर उठली. तेव्हा कामगार संघटनेने पगार, बोनस आणि कामाचे तास एवढेच पाहावे, खेळ आणि करमणूक हा तिचा प्रांत नव्हे, असे जे म्हणतात त्यांनी बेल आइलचा हा रविवार विचारात घ्यावा. आम्ही कामगार संघटनेत जन्म घालविलेली माणसे आहोत. फाटकाबाहेर ज्या दोघांना एका बाकावर बसता येत नाही, ते दोघे संपाच्या पाचव्या आठवड्यात एकमेकांसाठी उपास काढतील असे आम्हांस वाटत नाही.

1946 साली वॉल्टर रूथर त्या संघटनेचे अध्यक्ष झाले. पुढल्या वर्षी करमणूक खात्याची सूत्रे त्यांनी ओल्गा मदार या बाईंकडे दिली. मदारबाई स्वतः कारखान्यात काम केलेल्या. 1933 साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, क्रायस्लर कारखान्यात त्यांना काम मिळाले ते सॉफ्टबॉल चांगला खेळतात म्हणून. पुढे त्या विलो रन येथील विमानांच्या कारखान्यात होत्या. खेळामुळे एकाला भाकरी मिळते आणि दुसऱ्याला दार बंद होते, या दोन्ही गोष्टी त्यांना जवळून ठाऊक होत्या. त्यांच्या खात्याने बोलिंगचा प्रश्न हाती घेतला. संघटनेच्या हजारो सभासदांचे संघ काँग्रेसच्या मान्यतेखाली खेळत होते. जी संघटना कारखान्यात वर्णभेद नको म्हणते तिनेच संध्याकाळी वर्णभेदाच्या वहीत आपली नावे नोंदवावी, हे विसंगत होते. त्यांनी आपल्या लीगा त्या मान्यतेतून काढून घेण्यास सांगितले आणि सर्व वर्णांस खुल्या अशा स्वतःच्या स्पर्धा सुरू केल्या.

हे बोलावयास सोपे आहे. प्रत्यक्षात गोऱ्या सभासदाला आपली नोंदलेली सरासरी, आपली बिल्ले-पदके आणि राष्ट्रीय स्पर्धेचे दार सोडावे लागत होते, तेही स्वतःवर झालेल्या अन्यायासाठी नव्हे, तर शेजाऱ्यावर झालेल्या अन्यायासाठी. पगारवाढीच्या लढ्यात प्रत्येकाला आपला आणा दिसत असतो. या लढ्यात गोऱ्या माणसाच्या पदरात काहीच पडावयाचे नव्हते. म्हणूनच हा लढा संघटनेच्या कसोटीचा होता.

संघटना एकटी नव्हती. 1940 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या प्रश्नासाठी एक राष्ट्रीय समिती निघाली. मिनियापोलिसचे नगराध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री, जे पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, ते तिचे एक प्रमुख; आणि गोल्फ खेळणाऱ्या बेटी हिक्स या दुसऱ्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी संस्था, कॅथलिक तरुणांची संस्था, ज्यू संस्था, कामगार महासंघ, असे निरनिराळ्या देवळांतले लोक एका ओट्यावर आले. काँग्रेसचे उत्तर ठरलेले होते : आमची संस्था खासगी आहे, आणि सभासदांची जी मर्जी तो नियम. वार्षिक अधिवेशनांत नियम काढून टाकण्याचे ठराव आले आणि पडले. 1948 ची राष्ट्रीय स्पर्धा तर खुद्द डेट्रॉइटमध्ये भरली, मोटार कामगारांच्या उंबऱ्यावर, आणि तरीही नियम जागचा हलला नाही.

मग लढा न्यायालयात गेला. काँग्रेसची नोंदणी इलिनॉय राज्यात झालेली होती. राज्याने दिलेल्या सनदेवर जी संस्था जगते तिने राज्याचा नागरी हक्कांचा कायदा मोडावा काय, हा मुद्दा होता. ‘खासगी’ या शब्दाच्या आड उभे राहणाऱ्याला कायद्याने विचारलेला हा प्रश्न मोठा नेमका होता. 1950 च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या न्यायाधीशाने काँग्रेसला 2,500 डॉलर दंड केला. लाखो सभासदांच्या संस्थेला ती रक्कम किरकोळ होती. परंतु सनदच रद्द होण्याची तलवार डोक्यावर लटकत होती, आणि इतर राज्यांतही दावे उभे राहत होते. मे 1950 मध्ये कोलंबस येथील अधिवेशनात प्रतिनिधींनी तो वर्णाचा शब्द घटनेतून काढून टाकला. 34 वर्षांनी दार उघडले. हृदयपरिवर्तन झाले असे आम्ही म्हणणार नाही. हिशेब जमेनासा झाला, म्हणून ते उघडले. परंतु हिशेब जमू न देणे हेच तर संघटनेचे काम असते.

पुढल्या वर्षी, 1951 साली, सेंट पॉल येथील राष्ट्रीय स्पर्धेत डेट्रॉइटहून कृष्णवर्णी खेळाडूंचा एक संघ आला. एका किराणा दुकानाच्या नावाने, ‘अ‍ॅलन सुपरमार्केट’ म्हणून, तो खेळला. लाफायेट अ‍ॅलन त्याचे नायक. त्यांत बिल ऱ्होडमन होते, ज्यांची गणना आपल्या काळच्या उत्तम खेळाडूंत होत असे. या संघाने स्पर्धा जिंकली नाही. परंतु काँग्रेसच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या दिवशी प्रथमच कृष्णवर्णी संघाची नावे फळ्यावर लागली. त्यांची उमेदीची वर्षे दार ठोठावण्यात गेली होती. जो माणूस 1939 साली विशीत होता तो 1951 साली तिशी ओलांडून गेला होता. इतिहासात विजेत्यांची नावे राहतात. ज्यांची उमर वाट पाहण्यात सरली, त्यांच्यासाठी इतिहासाच्या वहीत रकाना नसतो.

दार उघडले म्हणजे सारे झाले असे मात्र नव्हे. 1950 ते 1986 म्हणजे 36 वर्षे. एवढा काळ का लागला, हे पाहावयाचे तर धंदेवाईक खेळाची रीत पाहिली पाहिजे. एडी एलियस या वकिलाच्या पुढाकाराने 1958 साली 33 खेळाडूंनी धंदेवाईक संघटना काढली. यंत्रांनी पिना मांडावयास सुरुवात केली होती, दूरचित्रवाणी घराघरांत आली होती, आणि खेळाला पैसा मिळू लागला होता. सेंट लुईचा डॉन कार्टर याच्याशी 1964 साली चेंडू करणाऱ्या एका कंपनीने दहा लाख डॉलरचा करार केला. कोणत्याही खेळातील खेळाडूशी एवढ्या रकमेचा करार तेव्हा प्रथमच झाल्याचे सांगतात. परंतु धंदेवाईक खेळाडूला पगार नसतो. तो आपल्या गाडीने गावोगाव फिरतो, प्रवेशशुल्क आपल्या खिशातून भरतो, दोन-तीन दिवस कित्येक खेळ खेळतो, आणि वरच्या क्रमांकांत आला तरच त्याच्या हाती काही पडते. आपल्याकडच्या बदली कामगाराला हे जिणे समजावून सांगावे लागणार नाही. पहाटे फाटकावर उभे राहावयाचे, नंबर लागला तर दिवस भरला, नाही तर चालत घरी. असे चार-पाच महिने जो काढू शकतो, किंवा ज्याच्या पाठीशी पैसे लावणारा कोणी असतो, तोच दौऱ्यावर टिकतो. नियमातला शब्द एका मतदानाने जातो, पण घरातली शिल्लक मतदानाने वाढत नाही.

तरीही माणसे येत राहिली. फुलर गॉर्डी, ज्यांच्या भावाने पुढे डेट्रॉइटमध्ये मोटाउन ही संगीत कंपनी काढली, ते धंदेवाईक संघटनेच्या पहिल्या कृष्णवर्णी सभासदांपैकी एक. 1964 साली लुईस फुल्टन या बाईंनी स्त्रियांची एक धंदेवाईक स्पर्धा जिंकली. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णी स्त्री. पुरुषांच्या आधी बावीस वर्षे त्यांनी हे करून दाखविले, आणि त्यांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते. एल्मर रीड यांना 1978 साली त्याच काँग्रेसने आपल्या मानकऱ्यांच्या दालनात जागा दिली, जिने एकेकाळी त्यांना साधे सभासदही होऊ दिले नव्हते.

जॉर्ज ब्रॅनहॅम याचा जन्म 21 नोव्हेंबर 1962 चा, आणि गाव डेट्रॉइट. ज्या शहरात 1939 ची संस्था निघाली, ज्या शहरात मोटार कामगारांची संघटना उभी राहिली, ज्या शहरातून अ‍ॅलन यांचा संघ सेंट पॉलला गेला, त्याच शहरात, नियम जाऊन बारा वर्षांनी, तो जन्मला. पुढे घरची मंडळी कॅलिफोर्नियात गेली आणि तो तेथे वाढला. लहानपणापासून त्याच्या हाती चेंडू होता, आणि ज्या पट्टीवर तो खेळला तेथील त्याचे गुण पहिल्या दिवसापासून वहीत मांडले गेले. आधीच्या पिढीत आणि त्याच्यात मुख्य फरक हाच. त्याच्या मनगटात काही नवे नव्हते. परंतु ते मनगट वाया जाणार नाही अशी व्यवस्था त्याच्या जन्माआधी झाली होती.

ग्लेनव्ह्यूचा विजय हा योगायोग नव्हता. अंतिम फेरीची रीत अशी की पहिले पाच खेळाडू शिडीच्या पायऱ्यांवर उभे केले जातात. पाचवा चौथ्याशी खेळतो, जिंकेल तो तिसऱ्याशी, असे करीत जो वर पोहोचेल त्याची गाठ पहिल्याशी पडते. एका खेळावर सारे ठरते, आणि दूरचित्रवाणीचे दिवे तोंडावर असतात. पुढे 1993 साली ब्रॅनहॅमने ओहायो राज्यात अ‍ॅक्रनजवळ भरलेली ‘टूर्नामेंट ऑफ चँपियन्स’ जिंकली. तीत विजेत्यांनाच निमंत्रण असते, आणि तेथे त्याने पार्कर बोन याला हरविले. 1996 पर्यंत अशी पाच विजेतेपदे त्याच्या नावावर जमली.

वाचक म्हणतील, आता गोष्ट सुखान्त झाली. तसे म्हणता आले असते तर आम्हांसही बरे वाटले असते. ब्रॅनहॅमच्या 1986 च्या विजयानंतर दुसऱ्या कृष्णवर्णी खेळाडूने राष्ट्रीय दौऱ्यावरील विजेतेपद मिळविले ते 2015 साली. मेम्फिसच्या गॅरी फॉकनरने रीनो शहरी जागतिक विजेतेपदाची स्पर्धा जिंकली, तेव्हा मध्ये 29 वर्षे गेली होती. पहिला मनुष्य दारातून आत गेला म्हणजे त्याच्यामागे रांग आपोआप लागते, हा समज या 29 वर्षांनी खोटा पाडला आहे.

आपल्याकडच्या वाचकाला येथे आपलीच आठवण झाली तर नवल नाही. पळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करीत आणि साहेबांना चेंडू टाकीत. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घेतले ते त्यांच्या गोलंदाजीसाठी, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे नायकपद त्यांना कधी लाभले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांनी ते शहर सोडले त्याच साली बोलिंग काँग्रेसने तो शब्द घटनेत घातला. तीस वर्षांनी, 1946 साली, त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी डु बॉइस यांना पत्र पाठवून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. दोन देशांतले दोन रोग एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण दारे बंद करण्याच्या आणि ती उघडण्याच्या रीती एकमेकांना ओळखतात एवढे खरे.

विजेत्याच्या हकीकती आपण नेहमी एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. जिद्द तर हवीच. ब्रॅनहॅमच्या ठायी ती होती, आणि तिचे मोल आम्ही कमी करीत नाही. परंतु त्याच्याइतकीच जिद्द ऱ्होडमन यांच्या ठायी होती, रीड यांच्या ठायी होती, आणि खड्ड्यावर पाय वर घेऊन बसलेल्या त्या पोरांतही कोणाच्या तरी ठायी असलीच पाहिजे. त्यांना विजेतेपद मिळाले नाही. आणि ज्या गोऱ्या कामगारांनी आपली पदके सोडून शेजाऱ्याची बाजू घेतली, त्यांची तर नावेही कोठे नोंदलेली नाहीत. विजेता हा शेवटचा चेंडू टाकणारा असतो. त्याच्या आधी पट्टी तासावी लागते, पिना मांडाव्या लागतात, आणि वहीत त्याचे नाव लिहिले जाईल अशी तजवीज करावी लागते. हे काम ज्यांनी करावयाचे, त्यांना टाळ्या मिळत नाहीत. आपल्या गावातल्या कुठल्या खेळात, कुठल्या मंडळात, कुठल्या व्यायामशाळेत आज असा एखादा न लिहिलेला नियम आहे, हे आपण प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.